तापातली आकडी : घाई नेमकी कशाची?

लहान मुलाचा ताप १०२ च्या पुढे गेला की घरात दोन पक्ष पडतात. एक पक्ष म्हणतो, आधी ताप उतरवा, नाहीतर तो डोक्यात जाईल. दुसरा म्हणतो, पोर पाणी पितंय ना, ओळखतंय ना, मग थर्मामीटर बाजूला ठेवा आणि पोराकडे बघा. पहिल्या पक्षात फक्त आज्या असतात असा समज आहे. दर पंधरा मिनिटांनी मुलाच्या काखेत डिजिटल थर्मामीटर खुपसणारे तरुण आईबापही त्याच पक्षाचे.

हा वाद इथे दोघांच्या तोंडून मांडला आहे. मामा तालुक्याच्या गावातल्या दवाखान्यात आयुष्यभर कंपाउंडर होते, आता निवृत्त आहेत. त्यांची भाची बालरोगतज्ज्ञ आहे. ही जोडी लेखापुरती रचलेली. त्यांचे मुद्दे मात्र कुठल्याही दवाखान्याच्या बाकड्यावर ऐकू येतात, आणि दोघांनी दिलेले दाखले खरे आहेत.

वादाला तोंड फुटले ते ‘साधी’ या विशेषणावरून. तापात येणाऱ्या आकडीच्या एका प्रकाराला डॉक्टर ‘साधी’ म्हणतात, आणि मामांना ते पटत नाही.

“साधी म्हणणाऱ्यानं स्वतःच्या घरात ती पाहिलेली नसते,” मामा म्हणाले. “पोर कडेवर असतं, एकदम डोळे फिरवतं. दातखीळ बसते, अंग ताठ होतं, मग हातपाय झटके द्यायला लागतात. ओठ काळेनिळे, तोंडाला फेस, कपड्यात लघवी. आईला वाटतं, गेलं लेकरू. आणि तू तिला सांगणार, घाबरू नका!”

“घाबरू नका असं मी सांगतच नाही. घाबरल्यावर काय करायचं आणि काय करायचं नाही, एवढंच सांगते.”

मग तिने ‘साधी’ची व्याख्या सांगितली. मूल सहा महिने ते पाच वर्षांच्या दरम्यानचे. अंगात ताप, पण मेंदूत संसर्ग नाही. झटके सगळ्या अंगाला, एकाच बाजूला नाहीत. पंधरा मिनिटांच्या आत थांबले. आणि चोवीस तासांत पुन्हा आले नाहीत. यातली एक जरी गोष्ट बसली नाही तर डॉक्टर ती आकडी ‘साधी’ धरत नाहीत. युरोप-अमेरिकेत शंभरातल्या दोन ते पाच मुलांना तापातली आकडी येते, जपानमध्ये सहा ते नऊ जणांना, आणि प्रशांत महासागरातल्या ग्वाम बेटावर तर चौदा जणांपर्यंत नोंद झाली आहे. सर्वांत जास्त मुले दीड वर्षाच्या आसपासची. बऱ्याचदा आईबाप, काका किंवा मोठे भावंड यांच्यापैकी कुणाला तरी लहानपणी ती येऊन गेलेली असते. बहुतेक आकड्या पाच मिनिटांच्या आत आपोआप थांबतात. पुन्हा येण्याचा प्रश्न मूल किती लहान आहे यावर ठरतो. पहिली आकडी वर्षाच्या आत आली असेल तर साधारण निम्म्या मुलांना पुढच्या एखाद्या तापात पुन्हा येते; वर्षानंतर आली असेल तर शंभरातल्या तिसांना.

“आणि पुढे? फेफरं लागत नाही? मेंदू मंद होत नाही?” मामांनी विचारले. त्यांच्या काळात या भीतीवर औषध ठरलेले होते. आकडी येऊन गेलेल्या मुलाला रोज गार्डिनल, म्हणजे फिनोबार्बिटोन. गोळीचा चतकोर मधात कालवून, वर्ष-दोन वर्षे, न चुकता.

या भीतीचा उगम कुठला हे भाचीला सांगायचे होते. जुने आकडे मोठ्या रुग्णालयांच्या नोंदींतून आलेले होते, आणि मोठ्या रुग्णालयात पोचत ती मुले जास्त गंभीर होती. अमेरिकेतल्या कॅरिन नेल्सन आणि जोनास एलेनबर्ग यांनी १९८० मध्ये हे अभ्यास शेजारी शेजारी ठेवून पाहिले. रुग्णालयातल्या अभ्यासांत पुढे अपस्मार होण्याचे प्रमाण दोन-तीन टक्क्यांपासून थेट पंचाहत्तरच्या पुढे, वाटेल तिथे गेलेले होते. गावातल्या वा शहरातल्या सगळ्याच मुलांची मोजदाद करणाऱ्या अभ्यासांत मात्र ते सगळीकडे पाच टक्क्यांच्या आतच सापडले. त्याआधी १९७६ मध्ये याच दोघांनी तापातली आकडी येऊन गेलेल्या १,७०६ मुलांचा सातव्या वर्षापर्यंतचा हिशेब प्रसिद्ध केला होता. त्यात अपस्माराचे प्रमाण दोन टक्के होते. आकडी न आलेल्या मुलांत ते याहून कमीच, पण फरक ‘मेंदू गेला’ म्हणण्याइतका नव्हे.

“बुद्धीचं काय ते सांग. आया तेच विचारतात.”

“ब्रिटनमध्ये एप्रिल १९७० मधल्या एका आठवड्यात जन्मलेल्या मुलांचा माग ठेवलाय. त्यातल्या ज्यांना तापात आकडी आली होती, अशी ३८१ मुलं दहाव्या वर्षी तपासली. अभ्यास, बुद्धी, वागणूक, सगळं बरोबरीच्या मुलांसारखंच. हा निष्कर्ष १९९८ मध्ये छापून आला.”

“आणि आमचं गार्डिनल?”

त्याचा निकाल १९९० मध्ये लागला. अमेरिकेत आठ महिने ते तीन वर्षे वयाच्या २१७ मुलांचे दोन गट केले. एकाला रोज फिनोबार्बिटोन, दुसऱ्याला तशीच दिसणारी, औषध नसलेली मात्रा. दोन वर्षांनी औषध घेणाऱ्यांचा सरासरी बुद्ध्यांक दुसऱ्या गटापेक्षा ८.४ गुणांनी कमी भरला. औषध बंद करून सहा महिने झाल्यावरही ५.२ गुणांचा फरक उरला होता. आणि ज्या आकड्या टाळण्यासाठी हा खटाटोप, त्यांच्या संख्येत दोन्ही गटांत म्हणावा असा फरक नव्हताच. आकडीपेक्षा तिच्या औषधाचाच त्रास जास्त, असे म्हणायची वेळ आली. आज साध्या आकडीसाठी रोजचे औषध सुचवले जात नाही. मेंदूचा आलेख आणि स्कॅनही नेहमीचा भाग म्हणून सांगत नाहीत.

मामा काही वेळ गप्प बसले, पण माघार त्यांनी घेतली नाही. “ठीक आहे. रोजचं औषध नको. पण ताप चढूच दिला नाही तर आकडी येईल कशाला? वेळच्या वेळी पॅरासिटामॉल, कपाळावर मिठाच्या पाण्याच्या घड्या. थोडी ऐपत असली तर कोलनवॉटर. पिढ्यान्‌पिढ्या हेच चाललंय.”

इथे दोघांतला खरा मतभेद उघडा पडला. ताप हाच रोग आहे, की रोगाशी चाललेल्या झगड्याची खूण?

भाचीचे म्हणणे असे. जंतू शिरल्याची वर्दी मिळाली की मेंदूतले तापमान सांभाळणारे केंद्र आपली पातळीच वर सरकवते. शरीराला तेव्हा नेहमीचे ३७ अंश सेल्सिअसही थंड वाटते. म्हणून हुडहुडी भरते आणि हातपाय गार पडतात. पॅरासिटामॉल ही पातळी खाली आणते. थंड पाण्याची पट्टी फक्त कातडी गार करते आणि पातळी तिथेच राहते, त्यामुळे मूल आणखी कुडकुडते. बर्फाचे पाणी त्याहून वाईट. आणि स्पिरिटने अंग पुसणे तर सरळ धोक्याचे, कारण अल्कोहोल कातडीतून आणि श्वासातून लहान मुलाच्या रक्तात उतरू शकते. ब्रिटनची ‘नाइस’ ही संस्था डॉक्टरांसाठी मार्गदर्शक तत्त्वे काढते. तिने तापात कोमट पाण्याने अंग पुसण्याचीही शिफारस केलेली नाही. अंगावर दुलया टाकू नका आणि उघडेही करू नका, एवढेच सांगितले आहे.

“पण मे महिन्यात नागपूर-चंद्रपुरात पोर उन्हात राहिलं आणि अंग भाजायला लागलं, तर?”

“तो ताप नव्हे, उष्माघात. तिथे केंद्राने पातळी वाढवलेलीच नसते, शरीराला बाहेरची उष्णता झेपत नसते. त्याला पॅरासिटामॉलचा उपयोग नाही. तिथे पाणी, पंखा, सावली आणि ताबडतोब रुग्णालय. संसर्गाच्या तापात शरीर स्वतःलाच आवर घालतं, सहसा ४१ अंशांच्या, म्हणजे आपल्या १०६ च्या पुढे जात नाही. उष्माघातात तो आवर नसतो. घडी तिथे ठेवा, मामा.”

औषधाने आकडी टळते का, याची थेट चाचणी फिनलंडमध्ये झाली. पहिली आकडी येऊन गेलेल्या २३१ मुलांना पुढे जेव्हा जेव्हा ताप आला तेव्हा काहींना तापाची औषधे भरपूर मात्रेत दिली, काहींना औषध नसलेली मात्रा. २००९ मध्ये निकाल आला. औषध घेणाऱ्यांत पुन्हा आकडी येण्याचे प्रमाण २३.४ टक्के, न घेणाऱ्यांत २३.५ टक्के. शिवाय अनेक मुलांच्या बाबतीत आकडी हीच तापाची पहिली खूण असते. मूल तापले आहे हे झटके आल्यावर, अंगाला हात लावल्यावर कळते. अशा वेळी आधी औषध द्यायला कुणाला सवडच मिळालेली नसते.

मामा मात्र तयारीने आले होते. “जपानचं सांग ना मग. ओसाकाजवळ हिराकाता म्हणून शहर आहे, तिथल्या रुग्णालयाचा अभ्यास. तो तू वगळलास.”

भाची हसली, कारण दाखला खरा होता. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात आकडी येऊन गेलेल्या मुलांना त्याच तापात पॅरासिटामॉलची गुदद्वारात ठेवायची गोळी दिली. त्याच तापात पुन्हा आकडी येण्याचे प्रमाण औषध दिलेल्यांत ९.१ टक्के आणि न दिलेल्यांत २३.५ टक्के निघाले. तिने दोन गोष्टी नोंदवल्या. अभ्यास एकाच रुग्णालयातला होता. आणि कोणाला औषध दिले आहे हे सगळ्यांना माहीत होते, तुलनेला खोटी गोळी नव्हती. तरीही फरक लहान नाही, हे तिने मान्य केले. फिनलंडचा प्रश्न पुढच्या तापांचा होता, हिराकाताचा चालू तापाचा. एकाने दुसऱ्याला खोटे ठरवलेले नाही.

“म्हणजे आकडी येऊन गेल्यावर त्या दिवशी पॅरासिटामॉल द्यायला हरकत नाही.”

“मुळीच नाही. फक्त आईला असं सांगायचं नाही की तू वेळेवर दिलं असतंस तर ही आकडी आलीच नसती. ते खरं नाही, आणि ते ओझं ती वर्षानुवर्षं वागवते.”

या ओझ्याला वैद्यकात ‘तापाचा भयगंड’ म्हणतात. अमेरिकन बालरोगतज्ज्ञ बार्टन श्मिट यांनी १९८० मध्ये दवाखान्यात आलेल्या ८१ पालकांना प्रश्न विचारून हा शब्द रूढ केला. मध्यम तापानेही मेंदूवर गंभीर परिणाम होतात असे त्यातल्या निम्म्याहून अधिक पालकांना वाटत होते. असे पालक झोपलेल्या मुलाला उठवून औषध पाजतात, दोन औषधे आलटून पालटून देतात, आणि आकडा उतरला नाही की मात्रा वाढवतात. तापाची दुसरी बाजू दाखवायला भाचीने मिशिगन विद्यापीठातल्या मॅथ्यू क्लुगर यांचा १९७५ चा प्रयोग काढला. वाळवंटी इग्वाना हा सरडा थंड रक्ताचा. आजारी पडला की स्वतःहून उबदार जागी सरकतो. क्लुगर यांनी जंतू टोचलेले सरडे वेगवेगळ्या तापमानात ठेवले, तर जास्त उबेत ठेवलेले जास्त संख्येने जगले.

“सरड्याच्या पिल्लाला रात्रभर मांडीवर घेऊन बसणारी आई नसते,” मामा म्हणाले. “पोर कण्हतंय, दूध ओढत नाही, अंग दुखतंय, तर ते तापाचे फायदे तोटे मोजत बसत नाही. औषध दिलं की अर्ध्या-पाऊण तासात उठून बसतं, चार घोट पाणी पितं. तेवढ्यासाठी द्यायचं.”

“बरं वाटावं म्हणून द्या, असं मीही सांगते. आकडा साडेअठ्ठ्याण्णव व्हावा म्हणून नको.”

इथपर्यंत भाचीने चालवलेला संवाद आता मामांच्या हातात गेला, कारण विषय बाटल्यांचा निघाला. पॅरासिटामॉलची मात्रा वजनावर ठरते. दर किलोला १० ते १५ मिलिग्रॅम, दोन मात्रांमध्ये चार ते सहा तास, आणि दिवसरात्रीत चारापेक्षा जास्त वेळा नाही. हे पुस्तकात आहे. पण गावातल्या कपाटात एकाच औषधाच्या निदान तीन बाटल्या असतात. थेंबांच्या बाटलीत एका मिलिलिटरमध्ये १०० मिलिग्रॅम असते. एका पातळ औषधाच्या पाच मिलिलिटरमध्ये १२०, तर दुसऱ्याच्या तेवढ्याच औषधात २५०.

“दहा किलोचं पोर धर,” मामांनी हिशेब मांडला. “त्याला दीडशे मिलिग्रॅम द्यायचंय. थेंबांचं औषध दीड मिलिलिटर. १२० वालं सव्वासहा मिलिलिटर. २५० वालं तीन. आता मोठ्या भावाच्या वेळचं सव्वासहा आईच्या लक्षात आहे, आणि ह्या वेळी घरात आलीय थेंबांची बाटली. तिनं सव्वासहा पाजलं की सव्वासहाशे मिलिग्रॅम पोटात. चौपट. असं दिवसातून चारदा, दोन दिवस झालं की यकृताचं काय होईल ते तूच सांग. उलट थेंबांचं दीड लक्षात ठेवून पातळ औषध दीड मिलिलिटर दिलं, तर छत्तीस मिलिग्रॅम. ताप हलत नाही. मग आई म्हणते, हे औषध लागू पडत नाही, जास्त ‘स्ट्राँग’ द्या.”

या ‘स्ट्राँग’ची कहाणीही मामांना पाठ होती. एके काळी मुलांच्या तापावर ॲस्पिरिन सर्रास दिले जाई. १९६३ मध्ये सिडनीतले विकृतिशास्त्रज्ञ डग्लस रे यांनी यकृत आणि मेंदूवर घाला घालणारा एक विरळ पण जीवघेणा आजार नोंदवला. पुढे तो फ्लू-कांजिण्यांच्या तापात दिलेल्या ॲस्पिरिनशी जोडला गेला, आणि १९८६ मध्ये ब्रिटनने बारा वर्षांखालील मुलांचे ॲस्पिरिन बाजारातून काढून घेतले. भारतात ॲस्पिरिन मागे पडले, तसे निमेसुलाइड पुढे आले. ताप झटकन उतरवते म्हणून त्याचा मोठा बोलबाला होता. यकृतावरच्या परिणामांच्या तक्रारी वाढल्यावर २०११ मध्ये केंद्र सरकारने बारा वर्षांखालील मुलांसाठी त्यावर बंदी घातली.

“म्हणून सांगतो, आईला बाटली दाखव आणि त्याच बाटलीवर मात्रा लिहून दे. चमच्यावर भरवसा नको; प्रत्येक घरचा चमचा वेगळा. सोबत मिळणारी पिचकारी किंवा खुणांची टोपीच वापरायची. आणि तीन महिन्यांच्या आतलं बाळ तापलं, तर घरी एक थेंबही नको, १००.४ असला तरी सरळ डॉक्टर.”

भाचीने यात एक अक्षरही बदलले नाही.

पुढचा वाद झाला तो कांद्यावर. आकडी आली की महाराष्ट्रात कांदा फोडून नाकाशी धरतात, चामड्याची चप्पल हुंगवतात, मुठीत लोखंडी किल्ली देतात, दातात चमचा घालतात. भाचीने ही यादी रागाने वाचली. चमच्याने दात तुटतो आणि तो श्वासनलिकेत जाऊ शकतो. मूल जीभ गिळत नाही. शरीराच्या रचनेतच ते शक्य नाही. तोंडात पाणी किंवा औषध ओतले तर ते फुफ्फुसात जाते. हातपाय दाबून धरले तर झटके थांबत नाहीत, हाडाला मात्र इजा होते.

“कांदा लागू पडला असं वाटतं, कारण बहुतेक आकड्या दोन-तीन मिनिटांत थांबणारच असतात. त्या वेळात जे काही केलं, त्याला श्रेय मिळतं.”

“मान्य,” मामा म्हणाले. “पण तुझ्या पुस्तकात एक गोष्ट नाही. घरातल्या पाच माणसांना त्या वेळी हात चालवायला काहीतरी लागतं. नुसतं ‘काही करू नका’ सांगितलंस तर ते ऐकणार नाहीत. कांद्यामुळे निदान एक जण स्वयंपाकघरात जातो आणि गर्दी कमी होते.”

हे म्हणणे भाचीला मोलाचे वाटले. तिने हातांना दुसरी कामे वाटून दिली. एकाने मुलाला जमिनीवर किंवा गादीवर कुशीवर वळवायचे, म्हणजे लाळ आणि उलटी तोंडाबाहेर येईल. त्यानेच गळ्याभोवतीचे बटण, ताईत, स्कार्फ सैल करायचा आणि आजूबाजूचे टोकदार सामान सरकवायचे. दुसऱ्याने घड्याळ बघायचे, तेही मोठ्याने मिनिटे मोजत, कारण घाबरलेल्या माणसाला एक मिनिट दहा मिनिटांएवढे वाटते. तिसऱ्याने मोबाइलवर चित्रण करायचे. झटके एका बाजूला होते की सगळ्या अंगाला, डोळे कुठे वळले होते, हे डॉक्टरला सांगून कळत नाही, पाहून कळते. चौथ्याने गाडीची सोय करायची. पाच मिनिटे झाली आणि झटके थांबले नाहीत, की १०८ ला फोन किंवा हाताशी असेल त्या वाहनाने जवळचे रुग्णालय. आकडी थांबल्यावर मूल पेंगते, काही वेळ नीट ओळखत नाही. त्या वेळी पाजायचे काही नाही, पूर्ण जाग येईपर्यंत.

“आणि थांबली तर? घरीच झोपवायचं?”

मामांनी हा प्रश्न मुद्दाम शेवटी ठेवला होता. त्यांचे सगळे आयुष्य ज्या भागात गेले तिथे ताप आणि आकडी यांचा अर्थ नेहमी साधा नसतो, हे त्यांना ठाऊक होते. त्यांनी चांदीपुराचे नाव घेतले. नागपूरजवळच्या या गावातल्या तापाच्या रुग्णांच्या रक्तात १९६५ मध्ये एक नवा विषाणू सापडला, आणि गावाच्या नावानेच तो जगभर ओळखला गेला. वाळूमाशी चावल्याने तो पसरतो. २००३ मध्ये आंध्र प्रदेशात त्याने ३२९ मुले आजारी पडली आणि त्यांतली १८३ दगावली. २०२४ च्या पावसाळ्यात गुजरातमध्ये तो पुन्हा उठला, आणि नमुने तपासणीला आले ते पुण्याच्या राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्थेत. या आजारात सकाळी तापलेले मूल चोवीस ते अठ्ठेचाळीस तासांत जाऊ शकते. सुरुवात कशी होते? ताप, उलटी, आकडी.

“गडचिरोलीकडे डोक्यात चढलेला मलेरिया. कुठेही मेंदूच्या आवरणाचा पू. सगळ्यांची पहिली खूण आकडीच,” मामा म्हणाले. “तिथल्या आईला तू ३८१ इंग्रज मुलांची गोष्ट सांगून घरी पाठवणार? तिची घाई चुकीची नाही, पोरी. त्या घाईनं पोरं वाचलीत.”

भाचीने उत्तर द्यायला वेळ घेतला. ब्रिटनमधल्या मुलांचे आकडे मेंदूचा संसर्ग नसलेल्या मुलांचे आहेत. तो नाही हे आधी कुणीतरी तपासलेले असते, तेव्हाच आकडीला ‘साधी’ म्हणता येते. म्हणून पहिली आकडी दोन मिनिटांत थांबली असली तरी मूल त्याच दिवशी डॉक्टरच्या नजरेखालून गेले पाहिजे, यावर तिचा मामांशी वाद नव्हता. डॉक्टर काय पाहतात, तेही तिने सांगितले. तासाभरात मूल पूर्ववत शुद्धीवर आले का? मान ताठ आहे का, टाळू फुगली आहे का? अंगावर लालजांभळे न विरणारे ठिपके आहेत का? रक्तातली साखर किती? हिवतापाच्या भागात असेल तर मलेरियाची चाचणी. वर्षाच्या आतल्या बाळाला हिब आणि न्यूमोकोकसच्या लसी मिळालेल्या नसतील, किंवा कुणी आधीच प्रतिजैविके सुरू करून लक्षणे झाकून टाकली असतील, तर पाठीतले पाणी तपासण्याचा विचार करावा लागतो. वय सहा महिन्यांच्या आत, झटके एकाच बाजूला, त्याच दिवशी दुसरी आकडी, यातले काहीही असेल तर रुग्णालयात ठेवायचे.

“म्हणजे घाई करायची, हे तूही म्हणतेस.”

“मुलाला तपासून घेण्याची करायची. थर्मामीटरवरचा आकडा खाली आणण्याची कशाला?”

लसींचा मुद्दा दोघांनी लवकर आवरला. गोवराची लस घेतल्यावर साधारण दुसऱ्या आठवड्यात, आणि डांग्या खोकल्याच्या जुन्या प्रकारच्या लसीनंतर त्याच दिवशी, तापात आकडी येण्याची शक्यता किंचित वाढते. २००१ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात लाख मुलांमागे लसीमुळे आलेल्या अशा आकड्यांची संख्या गोवर-गालगुंड-रुबेला लसीनंतर २५ ते ३४ आणि डांग्या खोकल्याच्या लसीनंतर ६ ते ९ निघाली. अशा मुलांना पुढे अपस्मार किंवा बुद्धीची अडचण इतरांपेक्षा जास्त आढळली नाही. लस टाळली तर मात्र गोवर होतो, आणि गोवराचा ताप लसीच्या तापापेक्षा कितीतरी मोठा. रक्तातल्या लोहाबद्दल भाचीने एक वाक्य जोडले. लोह कमी असलेल्या मुलांत तापातली आकडी जास्त दिसते, असे भारतातल्या अभ्यासांसह अनेक अभ्यासांत आढळले आहे. कारण तेच की आणखी काही, हा निकाल बाकी आहे. पण २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातली सहा महिने ते पाच वर्षांची ६८.९ टक्के मुले रक्तक्षयी निघाली. त्यामुळे आकडी येऊन गेलेल्या मुलाचे हिमोग्लोबिन बघायला वेगळे निमित्त लागत नाही.

शेवटचा विषय भाचीने काढला. पाच मिनिटांनंतरही न थांबणारी आकडी घरातच थांबवता यावी म्हणून नाकात मारायचा मिडाझोलामचा फवारा डॉक्टरच्या चिठ्ठीवर मिळतो. तो निवडक पालकांच्या हाती द्यावा, असे तिचे मत होते. आता मामा सावध झाले.

“झोपेचं औषध? तेही घरात, मोठ्या भावंडाच्या हाताला लागेल असं? मघाशी बाटल्यांचा घोळ सांगितला तो विसरलीस?”

“तुमच्याकडे रुग्णालय चाळीस किलोमीटरवर, पावसात पूल बुडालेला. पाच मिनिटांच्या पुढे गेलेली आकडी आपोआप थांबण्याची शक्यता मिनिटागणिक कमी होते. तुमच्याच गावाला हा फवारा जास्त लागतो. माझ्या शहरातल्या पेशंटला रिक्षा मिळते.”

तिने युगांडाच्या राजधानीतला, कंपालाच्या मुलागो रुग्णालयातला २००८ चा अभ्यास सांगितला. तिथे आकड्यांचे मोठे कारण मलेरिया. ३३० मुलांपैकी काहींना गालाच्या आत मिडाझोलाम, काहींना गुदद्वारातून डायझेपाम दिले. मिडाझोलाम ३०.३ टक्के मुलांत अपुरे पडले, डायझेपाम ४३ टक्के मुलांत. श्वास मंदावण्याचे प्रकार दोन्हीकडे विरळ होते. पण ते रुग्णालयात दिलेले औषध होते, घरात नव्हे, याकडे मामांनी बोट दाखवले. आणि भाचीला ते नाकारता आले नाही.

मग दोघे अटींवर उतरले. फवारा सगळ्यांना नाही. आधीची आकडी लांबलेली असेल किंवा रुग्णालय अर्ध्या तासात गाठता येत नसेल, त्यांनाच. पाच मिनिटे घड्याळावर मोजल्याशिवाय वापरायचा नाही. आकडी थांबली तरी रुग्णालयाकडे निघायचे, आणि वाटेत मुलाच्या छातीकडे, श्वासाकडे लक्ष ठेवायचे. मात्रा आजच्या वजनावर. मूल वाढले की नव्याने लिहून घ्यायची. फवारा मारायला शिकवायचे कुणाला, यावर पुन्हा खटका उडाला. मामा म्हणत होते, बापाला. भाचीने विचारले, दुपारी दोन वाजता घरी कोण असते? आजी किंवा पाळणाघरातल्या ताई. आधी त्यांना, आणि त्यांनी रिकाम्या फवाऱ्यावर करून दाखवल्याशिवाय चिठ्ठी नाही.

“मग सूचनांचा कागद मोठ्या अक्षरात काढ,” मामा म्हणाले, “आणि प्रत्येक नाकपुडीत किती फवारे ते अक्षरी लिही. हातानं लिहिलेला आपला १ आणि ९ घाईत सारखेच दिसतात.”